आजी, तुमची रांग वेगळी आहे

वर्षावास लागला की आपल्या विहारांतून संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन सुरू होते. आषाढी पौर्णिमेला आरंभ आणि अश्विनी पौर्णिमेला समाप्ती. वाचणारा बहुधा शाळा-कॉलेजात शिकणारा मुलगा किंवा मुलगी असते. आणि ऐकायला पुढच्या सतरंजीवर कोण बसते? आपल्या आजीबाई. पांढऱ्या साडीतल्या, गुडघे दुखतात म्हणून पाय लांब करून बसलेल्या, आणि तरीही एक दिवस न चुकवणाऱ्या. परभणी जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यात बोरी हे गाव आहे. तिथल्या अशाच एका वाचनाला आम्ही बसलो होतो.

त्या दिवशीचा भाग आजारी भिक्खूचा होता. वाचकांना तो ठाऊक असेल. एका भिक्खूला अतिसार झाला होता आणि तो आपल्याच घाणीत पडून होता. भगवान बुद्ध आनंदाला बरोबर घेऊन फिरत असताना त्यांना तो दिसला. त्यांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला आंघोळ घातली आणि उचलून बिछान्यावर निजवले. मग त्यांनी इतर भिक्खूंना विचारले, याची सेवा कोणीच का केली नाही? उत्तर मिळाले, हा संघाच्या काही उपयोगाचा नाही म्हणून.

वाचणारी मुलगी पुढे गेली, पण पुढच्या सतरंजीवरच्या एक आजी तिथेच थांबल्या होत्या. वाचन संपल्यावर त्या म्हणाल्या, “मी बी तशीच की. आता कुणाच्या उपयोगाची हाय? म्हणून मी दवाखान्यात जातच नाही. तिथं म्हातारीला कोण इचारतंय?”

बाजूच्या चौघीजणींनी माना हलवल्या. त्या हललेल्या माना आम्हाला फार बोचल्या.

कारण या बायका कोण आहेत? 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या कामांवर ज्यांनी खडी फोडली, मातीच्या पाट्या वाहिल्या, त्या ह्याच. तेव्हा त्या पंधरा-वीस वर्षांच्या होत्या. आज त्यांची कंबर आणि गुडघे बोलत आहेत ते उगाच नव्हे. 27 जुलै 1978 रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि परभणी-नांदेडच्या खेड्यांतून आपल्या वस्त्या पेटल्या. पोचीराम कांबळे यांचा खून झाला. त्या रात्री लेकरे काखेत घेऊन रानात लपलेल्या बायका आज सत्तरीत आहेत. 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला, तेव्हा त्यांनी आनंदाने डोळे पुसले. या पिढीने विद्यापीठासाठी मार खाल्ला, आणि दवाखान्याच्या दारात मात्र ती म्हणते, आम्हाला कोण विचारते! हे आम्हाला पटत नाही.

परभणीत रेल्वे स्टेशनसमोर बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची 10 डिसेंबर 2024 रोजी विटंबना झाली. लोक रस्त्यावर उतरले, पुढे काय काय सोसावे लागले ते सर्वांना माहीत आहे. ज्या संविधानासाठी आपण उतरलो, त्यात 41 वे कलम आहे. वार्धक्य, आजारपण आणि अपंगत्व यांत राज्याने आपल्या ऐपतीप्रमाणे माणसाला साहाय्य मिळण्याची तरतूद करावी, असे ते सांगते. 47 वे कलम सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याच्या पहिल्या कर्तव्यांपैकी एक ठरवते. ही कलमे मार्गदर्शक तत्त्वांतली आहेत, त्यांच्या आधारे थेट कोर्टात जाता येत नाही, हे खरे. पण 21 व्या कलमातल्या जगण्याच्या हक्कात वेळेवर उपचार येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली स्पष्ट केले. पश्चिम बंगालमधला एक शेतमजूर रेल्वेतून पडला, डोक्याला मार लागला आणि एका सरकारी दवाखान्यातून दुसऱ्याकडे असा त्याला फिरवण्यात आले. कुठे खाट नाही, कुठे यंत्र नाही. पैशांची अडचण सांगून सरकारला या जबाबदारीतून सुटता येणार नाही, असे न्यायालय म्हणाले. तो खटला शेतमजुरांच्या संघटनेने लढवला होता, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता रांगेची गोष्ट. आमच्याच घरातल्या एका वृद्ध मावशींना घेऊन आम्ही एका सरकारी दवाखान्यात गेलो होतो. कोणता ते इथे लिहीत नाही. सकाळी नऊला रांगेत उभे राहिलो. मावशींना चक्कर येत होती म्हणून त्या जमिनीवर बसल्या, तर शिपाई म्हणाला, रांगेत उभे राहायचे नसेल तर घरी जा. साडेअकराला नंबर आला. डॉक्टरांनी मावशींकडे पाहिले नाही. आम्हाला विचारले, “काय होतंय यांना?” मावशी म्हणाल्या, “साहेब, मला इचारा की.” डॉक्टर हसले, गोळ्या लिहिल्या, म्हणाले, “वय झालं.” एवढ्यासाठी एसटीचे तिकीट आणि एका दिवसाची मजुरी गेली.

त्या दिवशी आम्हाला माहीत नव्हते ते आज सांगतो. 2007 साली संसदेने आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण करणारा कायदा केला. साठ वर्षे पूर्ण झालेला प्रत्येक भारतीय नागरिक त्यात ज्येष्ठ नागरिक आहे. त्याचे 20 वे कलम केवळ दवाखान्याविषयी आहे. सरकारी दवाखान्यांनी आणि सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्यांनी ज्येष्ठ नागरिकांसाठी शक्य तितक्या खाटा द्याव्यात, त्यांच्यासाठी वेगळी रांग असावी, जुनाट आणि न बऱ्या होणाऱ्या आजारांच्या उपचाराची सोय वाढवावी, आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात वृद्धांच्या आजारांचा अनुभव असलेल्या डॉक्टरांच्या हाताखाली स्वतंत्र सोय असावी, असे ते म्हणते. म्हणजे मावशींची रांगच वेगळी होती. त्या चुकीच्या रांगेत उभ्या होत्या, आणि त्या चुकीची शिक्षाही त्यांनाच झाली.

म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात सर्वांत जास्त ऐकू येणारा शब्द म्हणजे ‘वय झालं’. घरातही तोच शब्द. म्हातारा, रोगी आणि प्रेत पहिल्यांदाच पाहून सिद्धार्थाने घर सोडले ही कथा बाबासाहेबांनी त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत नाकारली आहे. एकोणतीस वर्षांच्या माणसाला तोवर म्हातारा दिसलाच नाही, हे त्यांच्या बुद्धीला पटले नाही. आपल्याला तर म्हातारे माणूस रोज घरात दिसते. तरी दिसत नाही, असे म्हणायची वेळ आली आहे. डोळ्यापुढे धुके आले की ‘मोतीबिंदू पिकू द्या’ म्हणून वर्षे घालवली जातात. मोतीबिंदू पिकायची वाट पाहण्याचे दिवस गेले. सरकारी शिबिरात भिंगासकट शस्त्रक्रिया फुकट होते. ऐकू कमी येते ते कानातल्या मळाने की नस दुबळी झाल्याने, हे तपासल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही. लघवीवर ताबा राहत नाही, हे तर बायका लेकीलासुद्धा सांगत नाहीत. त्यावरही उपचार आहेत.

आणि जी माणसे दवाखान्यापर्यंत जाऊच शकत नाहीत, त्यांचे काय? आम्हाला विचाराल तर खरा प्रश्न इथेच आहे. दिवाळी झाली की आमच्या भागातली किती तरी जोडपी ऊसतोडीला जातात. काही पुण्या-मुंबईला. मागे घरात कोण राहते? म्हातारी, म्हातारा आणि शाळेत जाणारी नातवंडे. म्हातारी अंगणात पडली, खुबा मोडला, तर तिला उचलायला दहा वर्षांचा नातू. अशा घरासाठी दवाखान्यानेच उंबऱ्यापर्यंत यायला हवे, आणि तसे यायचे ठरलेलेही आहे. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010-11 साली सुरू झाला. त्यात जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वृद्धांचा कक्ष आणि व्यायामोपचार सांगितले आहेत, ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर आठवड्यातून दोन वेळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा वृद्धांची खास तपासणी सांगितली आहे. उपकेंद्राच्या कर्मचाऱ्यांनी अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या घरी जायचे, घरच्या माणसांना त्यांची काळजी कशी घ्यायची ते शिकवायचे, आणि गरज असेल त्याला काठी-कुबडीसारखी साधने मिळवून द्यायची, हेही त्याच कार्यक्रमात आहे.

घरच्या माणसांना शिकवायचे, हे शब्द आम्हाला फार मोलाचे वाटतात. अंथरुणावरच्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवले नाही तर पाठीला जखमा होतात. हे कोणी सुनेला सांगितलेले नसते. जखम झाली की मग सुनेलाच बोल. दिवसभर रानात राबून आल्यावर सासूचे मळमूत्र काढणारी सून आपल्या घराघरांत आहे, तिचे नाव कुठल्याच कागदावर येत नाही. सिस्टर किंवा आशाताई महिन्यातून एकदा येऊन तिला कूस कशी वळवायची, पाणी किती पाजायचे, जखम कशी धुवायची ते दाखवून गेली तर दोन बायकांचे जगणे सोपे होईल. म्हणून आशाताई वस्तीत आली की तिला पहिली खबर अंथरुणावरच्या माणसाची द्यावी. गरोदर बाईची नोंद ती करतेच, म्हाताऱ्या माणसाचीही करायला सांगावे. बिचाऱ्या आशाताईवर कामे किती आहेत हे आम्हाला ठाऊक आहे, तिच्यावर ओरडून उपयोग नाही. कार्यक्रम कागदावर राहिला असेल तर जाब वरच्यांना विचारायचा.

पैशांविषयी थोडे. 15 ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर, तपासणी आणि उपचाराचे शुल्क माफ झाले. उपकेंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत हे लागू झाले. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये त्या निर्णयात नव्हती, तेव्हा तिथे आधी विचारून घ्यावे. 29 ऑक्टोबर 2024 पासून सत्तर वर्षांवरच्या सर्वांसाठी, उत्पन्नाची अट न घालता, वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचाराचे आयुष्मान कार्ड सुरू झाले. पण वाचकहो, हे कार्ड दवाखान्यात भरती झाल्यावर चालते. रोजच्या बी.पी.च्या गोळ्यांना ते चालत नाही. त्या गोळ्या सरकारी दवाखान्यातच मागायच्या, आणि दुखणे आटोक्यात असेल तर महिनाभराच्या एकदम मागायच्या. तीन दिवसांच्या गोळ्यांसाठी म्हाताऱ्या माणसाला पुन्हा पुन्हा बोलावणे हा छळ आहे. एसटीत 75 वर्षांपुढच्यांना ऑगस्ट 2022 पासून तिकीट नाही, 65 ते 75 वयाच्यांना अर्धे तिकीट आहे आणि मार्च 2023 पासून सर्वच बायकांना अर्धे. तेवढी तरी जाण्या-येण्याची अडचण कमी झाली आहे.

आता अंगठ्याची गोष्ट. आपल्या वृद्धांपैकी पुष्कळांना शाळा मिळाली नाही. दवाखान्यात कागद पुढे येतो आणि आवाज येतो, ‘इथे अंगठा लावा’. कशावर लावला, ते माहीत नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 2018 साली रुग्णांच्या हक्कांची एक सनद तयार केली. तिच्यात 17 हक्क आहेत. आपला आजार काय, उपचार काय, त्यात धोका काय, खर्च किती, हे रुग्णाला त्याच्या भाषेत समजेल असे सांगितले पाहिजे, आणि त्यानंतरच संमती घेतली पाहिजे. आपले केसपेपर आणि रिपोर्ट मिळाले पाहिजेत. पुरुष डॉक्टर बाईला तपासत असेल तर जवळ दुसरी बाई असली पाहिजे. तपासणीच्या वेळी आडोसा असला पाहिजे. म्हाताऱ्या बाईला कशाला आडोसा, असे म्हणणाऱ्यांनी आपली आई डोळ्यापुढे आणावी. खासगी दवाखान्यांसाठी महाराष्ट्राने जानेवारी 2021 मध्ये शुश्रूषागृह नोंदणीचे नियम सुधारले आणि रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक लावणे बंधनकारक केले. भिंतीवर ते दिसले नाही तर विचारावे. विचारायला पैसे पडत नाहीत.

आणखी एक गोष्ट लिहावी की नाही, याचा आम्ही विचार केला. लिहितो. आपली वृद्ध माणसे सांगतात, पूर्वी गोळी हातात देत नसत, वरून टाकत. नाडी न धरताच औषध लिहीत. आज हे उघडपणे कमी झाले आहे, पण वस्ती कोणती हे विचारून आवाज बदलणारी माणसे संपलेली नाहीत. 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात 2015 ची दुरुस्ती झाली, ती 26 जानेवारी 2016 पासून लागू आहे. दवाखान्यात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात शिरताना जातीवरून अडवणे हा तिच्यात गुन्हा धरला आहे. मात्र एक अडचण आहे. आपण बौद्ध म्हणून नोंद केली की जातीचा दाखला कुठे आहे, हा प्रश्न पोलीस ठाण्यात विचारतात. अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना 1990 पासून केंद्रातही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. दाखला घरातल्या तरुणांचा असतो, आजी-आजोबांचा काढलेलाच नसतो. तो काढून ठेवावा.

घरच्या जबाबदारीविषयी लिहिताना हात जड होतो. 2007 च्या कायद्यात ‘निर्वाह’ या शब्दात अन्न, वस्त्र, निवारा यांच्याबरोबर औषधोपचारही आहे. मुलगा, मुलगी, सज्ञान नातू आणि नात यांच्यावर ती जबाबदारी आहे. कोणी पाहत नसेल तर आई-वडिलांना उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे साध्या कागदावर अर्ज करता येतो. दरमहा दहा हजारांपर्यंत रक्कम ठरवता येते आणि नोटीस गेल्यापासून 90 दिवसांत निकाल अपेक्षित आहे. वृद्ध माणसाला कुठे तरी सोडून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण आम्हाला विचाराल तर आपल्या बहुतेक घरांत मुले निष्ठुर नाहीत, ती मोकळ्या हाताची आहेत. मजुरीवर जगणाऱ्या मुलाला कोर्टकचेरीत ओढून आईचे औषध होत नाही. आधी सरकारी दवाखान्याने आपले काम करावे.

जिथे जमीन किंवा घर आहे, तिथे मात्र सावध राहावे. लेकाच्या प्रेमापोटी दोन एकर त्याच्या नावे करून दिली आणि मग औषधालाही पैसे मागावे लागले, असे होते. बक्षीसपत्रात ‘हा माझा सांभाळ करील, औषधपाणी करील’ ही अट स्पष्ट लिहून घ्यावी. मुलाने ती पाळली नाही तर 23 व्या कलमाखाली ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येते. अट लिहिलेली नसेल तर झगडा कठीण होतो. लिहून घेताना मुलाला राग येईल. येऊ द्यावा.

एकट्या म्हाताऱ्या माणसाने हे सारे विचारावे अशी अपेक्षा करणे चुकीचे आहे. 2007 सालापासून महाराष्ट्रात अमरावती, नंदुरबार, पुणे, ठाणे आणि तेव्हाचे उस्मानाबाद म्हणजे आजचे धाराशिव, या पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकांनीच देखरेख ठेवण्याचे काम सुरू झाले. गावकरी आपल्या दवाखान्याची पाहणी करीत, गुणपत्रक तयार करीत आणि जनसुनवाईत डॉक्टर-अधिकाऱ्यांसमोर उभे राहून बोलत. औषधे बाहेरून आणायला लावणे, पैसे मागणे अशा गोष्टी तिथे चव्हाट्यावर आल्या. परभणी त्या पहिल्या पाचांत नव्हती. पण त्यासाठी कोणाची परवानगी लागते? प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि ग्रामीण रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते. विहाराच्या वतीने त्या समितीला एक अर्ज द्यावा: वृद्धांची वेगळी रांग कोठे आहे, त्यांच्या तपासणीचा वार कोणता, बसायला बाक आहे का, घरभेटीची नोंदवही कोणाकडे आहे. दोन प्रती कराव्यात, एकीवर पोच घ्यावी. उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकाराखाली तेच प्रश्न विचारावेत.

बोरीला त्या संध्याकाळी वाचन करणाऱ्या मुलीने वहीचे पान फाडले. त्यावर तिने मोठ्या अक्षरांत वृद्धांच्या मदतीचा 14567 हा क्रमांक लिहिला, खाली रुग्णवाहिकेचा 108 लिहिला. आजींना अंक ओळखता येतात, अक्षरे येत नाहीत. म्हणून तिने पहिल्यापुढे काठीचे आणि दुसऱ्यापुढे गाडीचे चित्र काढले. आजींनी कागद घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवला आणि विचारले, “ते म्हाताऱ्यांचं तपासणं कोणत्या वारी असतंय?”

कोणालाच माहीत नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी आशाताईकडे जाऊन विचारायचे ठरले. बरोबर कोण जाणार, म्हटल्यावर त्या चौघीही उठल्या.